मेन्स्ट्रुअल डिस्क, सात पाळ्यांनंतर: चादर वाचली, ‘निश्चिंत’ मात्र झाले नाही

गेल्या श्रावणात मागवलेली सिलिकॉनची मेन्स्ट्रुअल डिस्क, म्हणजे योनिमार्गात बसवून पाळीचे रक्त आतच झेलणारी वस्तू, मी सात पाळ्यांत वापरून पाहिली आणि त्यानंतरच हा अभिप्राय लिहायला बसले आहे, कारण अशा वस्तूबद्दल पहिल्याच महिन्यात लिहिलेले बरे-वाईट दोन्ही कच्चे असते. त्याआधी चार वर्षे मी त्याच कामाचा मेन्स्ट्रुअल कप वापरत होते आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नव्हती. डिस्क घेतली ती एका वेगळ्याच कारणासाठी, आणि ते आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही: कप आत असताना शरीरसंबंध ठेवता येत नाही, डिस्क आत असताना ठेवता येतो. खोक्यावरही ठळक अक्षरांत तेच छापलेले होते, ‘पाळीच्या दिवसांतही जोडीदारासोबत निश्चिंत’. माझा सगळा अभिप्राय त्या शेवटच्या शब्दाभोवती आहे.

आमच्या लग्नाला चौदा वर्षे झाली. पहिली काही वर्षे सासरी असताना मी ते चार दिवस वेगळ्या चटईवर झोपले आहे. ‘कावळा शिवला’ हे शब्द तेव्हा घरात सर्रास वापरले जात आणि नवऱ्याच्या अंथरुणाला पाय लागला तरी विटाळ मानला जाई. पुढे नोकरीमुळे आम्ही दोघे नाशिकला आलो, चटई गेली, पण पाळीतला दुरावा तसाच राहिला. गंमत अशी की विटाळाचा विचार डोक्यातून गेल्यावर जे कारण उरले ते अगदीच घरगुती होते: चादर आणि गादी कोण धुणार? ती अडचण ही वस्तू सोडवील, अशा अपेक्षेने साडेनऊशे रुपये खर्च केले.

वस्तू हातात घेतली की पहिल्यांदा तिच्या आकाराचीच भीती वाटते. लहान वाटीच्या तोंडाएवढी गोल, जराशी ताठ कड, पट्टीने मोजली तर सुमारे सात सेंटीमीटर व्यासाची, आणि तिला खाली लोंबणारी पातळ, मऊ पिशवी. कप योनिमार्गात खालच्या बाजूला बसतो आणि हवेच्या दाबाने धरून राहतो. डिस्कला असा दाब लागत नाही. तिची मागची कड गर्भाशयमुखाच्या मागे, अगदी खोलवर जाते आणि पुढची कड जांघेच्या मधल्या हाडामागे कडी लागावी तशी अडकते. त्यामुळे तिच्या खालचा मार्ग मोकळा राहतो, आणि संबंध शक्य होतो तो याच रचनेमुळे. माझ्या डिस्कवर ६० मिलिलिटर क्षमता छापलेली आहे. बहुतेक बायकांचे संपूर्ण पाळीतले रक्त मिळून ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे दोन-अडीच मोठे चमचेच असते, हे लक्षात घेतले तर ही क्षमता भरपूर झाली. ज्यांचे रक्त ८० मिलिलिटरहून अधिक जाते त्यांच्या पाळीला डॉक्टर जास्त अंगावरून जाणारी पाळी समजतात, आणि अशा बाईने मोठी डिस्क शोधण्याआधी रक्तातले हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.

बसवायला शिकण्यात पहिली पाळी गेली. कड दोन्ही बाजूंनी दाबून इंग्रजी आठच्या आकड्यासारखी करायची आणि वर न ढकलता मागे, माकडहाडाच्या दिशेने सरकवायची, हे पत्रकात चित्रासह दिले आहे. तरी हात सवयीने वरच जातो. मी पहिल्या दिवशी तीनदा चुकले. पुढची कड हाडामागे गेली की वस्तू आत आहे हे विसरायला होते, आणि गेली नाही तर चार पावलांतच कळते. या पत्रकाने एक गोष्ट मात्र आपल्या घरांचा विचार न करता लिहिली आहे. शौचाला जोर दिला की डिस्क थोडी खाली झुकते आणि आपोआप रिकामी होते, असे ते मोठ्या कौतुकाने सांगते. उकिडवे बसण्याच्या आपल्या शौचकुपात हा झुकाव इतका होतो की पुढची कड हाडामागून निसटते, आणि उठल्यावर ती बोटाने पुन्हा वर सारली नाही तर कपडे खराब होतात. घरी हे सहज जमते. कार्यालयातल्या स्वच्छतागृहात, जिथे साबण भिंतीपलीकडच्या बेसिनवर असतो, तिथे जमत नाही.

काढणे हा त्याहून अवघड भाग आहे. काठोकाठ भरलेली वाटी कपाटाच्या आतल्या कोपऱ्यातून हात न हलवता बाहेर आणावी, तसे हे काम आहे. पहिल्या वेळी मला न्हाणीघराची फरशी धुवावी लागली. तेव्हापासून ती मी सकाळच्या आंघोळीच्या वेळीच काढते.

आता ज्या कामासाठी घेतली त्याविषयी. सात पाळ्यांत पाच वेळा आम्ही संबंध ठेवला, त्यातल्या तीन वेळा प्रवाह भरात असताना, दुसऱ्या दिवशी. चार वेळा चादरीवर काहीही दिसले नाही. एकदा कड निसटून हाताच्या तळव्याएवढा डाग पडला, म्हणून आता खाली जुना गडद टॉवेल असतोच. नवऱ्याला डिस्क ओढून काढायची खालची पकड एकदा बोचली. ती आत दुमडून ठेवल्यावर पुन्हा बोचली नाही. मला मात्र एक फरक स्पष्ट जाणवला. पाळीच्या दिवसांत गर्भाशयमुख नेहमीपेक्षा खाली आलेले आणि हळवे असू शकते, त्यामुळे इतर वेळी न दुखणारी गोष्ट त्या दिवशी दुखू शकते, आणि त्यात वर सिलिकॉनची कडही असते. हळू जाणे आणि दुखले की थांबणे, एवढे दोघांनी आधीच ठरवून घ्यावे. ज्यांना एंडोमेट्रिओसिसचा, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा त्रास आहे त्यांना हे दुखणे बरेच जास्त होऊ शकते.

फायदे आहेत, आणि ते मी नाकारणार नाही. पाळीत पोटात कळा येतात त्या प्रोस्टाग्लॅंडिन नावाच्या द्रव्यांमुळे गर्भाशय आवळत असल्याने. कामसुखाच्या परमोच्च क्षणी शरीरात एंडॉर्फिन आणि ऑक्सिटोसिन स्रवतात आणि त्यांतली एंडॉर्फिन ही शरीराची स्वतःची वेदनाशामके आहेत. दोन महिने मला त्या रात्री मेफेनॅमिक ॲसिडची वेदनाशामक गोळी घ्यावी लागली नाही आणि झोप गाढ लागली. एका महिन्यात याच्या नेमके उलट झाले. कळा तासभर वाढल्या आणि गोळी दुप्पट चिडून घेतली. आराम पडतो हे खरे, पण तो दर वेळी पडेलच असे नाही. आणखी एक फायदा लोक सांगतात तो असा की पाळीतले रक्त स्वतःच ओलाव्याचे काम करते. डिस्क घातल्यावर हा फायदा उरत नाही, कारण रक्त वरच अडते. मला वंगण लागले. वंगण पाण्याच्या आधारावरचे घ्यावे. सिलिकॉनचे वंगण सिलिकॉनची डिस्क खराब करू शकते, आणि खोबरेल तेल, जे आपल्याकडे प्रत्येक घरात फळीवर असते, ते लॅटेक्सचा निरोध काही मिनिटांत कमकुवत करते.

पत्रकात असाही दावा आहे की पाळीत संबंध ठेवल्याने पाळीचे दिवस कमी होतात. गर्भाशयाच्या आकुंचनामुळे आतले रक्त त्या वेळी जरा लवकर बाहेर पडते, इथपर्यंत समजण्यासारखे आहे. त्यावरून पाळी एक-दोन दिवसांनी आटोपते असे म्हणायला ठोस आधार नाही. माझी पाळी पाच दिवसांची होती, ती सातही महिने पाच दिवसांचीच राहिली.

इथपर्यंत मी या वस्तूला पाचपैकी चार तारे दिले असते. माझी खरी तक्रार पत्रकात जे नाही त्याबद्दल आहे. डाग आणि धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिस्क पहिलीचा बंदोबस्त करते आणि खोके असे बोलते की जणू दुसरीचाही झाला.

पहिला धोका दिवस जाण्याचा. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले त्याला शंभर वर्षे उलटून गेली, तरी ‘पाळीत संबंध आला तर दिवस जात नाहीत’ हे वाक्य मी शिकलेल्या बायकांच्या तोंडून आजही ऐकते. शक्यता कमी असते, शून्य नसते. पुरुषबीज बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते, आणि बीजांड साधारणपणे पुढच्या पाळीच्या चौदा दिवस आधी बाहेर पडते. जिची पाळी २८ दिवसांनी येते तिच्यासाठी हे अंतर सुरक्षित भासते; जिची २३ किंवा २४ दिवसांनी येते तिचे बीजांड नवव्या-दहाव्या दिवशीच सुटू शकते, आणि सहाव्या दिवशी, शेवटचे डाग असताना ठेवलेला संबंध थेट तिथे जाऊन पोचतो. शिवाय मधल्या काळात होणारा किरकोळ रक्तस्राव पाळीच समजला जाण्याचा घोटाळाही होतो. डिस्क दिसायला डायफ्रामसारखी दिसते, जे शुक्रजंतुनाशक मलमासह वापरायचे गर्भनिरोधक साधन आहे, आणि मला वाटते गैरसमजाचे मूळ तिथेच असावे. डिस्क गर्भनिरोधक नाही. ती रक्त झेलण्यासाठी केलेली आहे, तिच्या कडेभोवतीची जागा बंद होत नाही. माझ्या खोक्यावर हे वाक्य इंग्रजी मजकुरात, बारीक अक्षरांत, शेवटून दुसऱ्या ओळीत आहे. मराठी आणि हिंदी मजकुरात ते नाहीच.

दुसरा धोका संसर्गाचा, आणि तो पहिल्याहून गंभीर आहे. योनिमार्ग एरवी आंबटसर असतो, त्याचा पीएच (हा आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) साधारण ३.८ ते ४.५, आणि त्या आंबटपणामुळे नको असलेले जंतू वाढत नाहीत. रक्ताचा पीएच सुमारे ७.४ असल्यामुळे पाळीच्या दिवसांत हे संरक्षण सैल पडते. त्याच वेळी गर्भाशयमुख किंचित उघडलेले असते आणि एरवी त्याच्या तोंडाशी असणारा घट्ट चिकट स्राव नसतो, त्यामुळे संसर्ग वर गर्भाशयाकडे चढायला वाट मिळते. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी हे रक्तातून पसरणारे विषाणू आहेत, म्हणजे पाळीत धोका बाईलाही असतो आणि पुरुषालाही. डिस्क यातले काहीही थोपवत नाही. ते काम निरोधच करतो, आणि निरोध व डिस्क एकत्र वापरता येतात. वर्षानुवर्षे एकमेकांशीच एकनिष्ठ असलेल्या आणि तपासणी झालेल्या जोडप्याला हा धोका फार कमी आहे. पण ‘आम्ही नवरा-बायको आहोत’ हे तपासणीचे प्रमाणपत्र नव्हे. सरकारी रुग्णालयांतल्या समुपदेशन आणि चाचणी केंद्रांत एचआयव्हीची चाचणी मोफत होते आणि नाव गुप्त राहते. हिपॅटायटिस बीची लस प्रौढांनाही घेता येते. आम्ही दोघांनी चाचणी डिस्क मागवल्यानंतर करून घेतली. आधी करायला हवी होती, पण खोक्याने तसे सुचवले असते तर ना.

तिसरी गोष्ट वेळेची. डिस्क बारा तासांहून जास्त आत ठेवू नये, हे सर्व भाषांत ठळक छापले आहे आणि त्याबद्दल कंपनीला गुण द्यायला हवेत. १९८० साली अमेरिकेत जास्त शोषून घेणाऱ्या टॅम्पॉनमुळे (आत घालायच्या कापसाच्या बोळ्यामुळे) टॉक्सिक शॉक सिंड्रोम या जंतूंच्या विषाने होणाऱ्या जीवघेण्या आजाराच्या अनेक घटना उघडकीस आल्या, तेव्हापासून अशा साधनांवर वेळेच्या मर्यादेची सूचना दिली जाते. कप आणि डिस्क रक्त शोषत नाहीत, साठवतात, आणि त्यांच्यामुळे असे होणे फार विरळ आहे. तरी अचानक खूप ताप, उलट्या, चक्कर आणि उन्हाने भाजल्यासारखे लाल पुरळ दिसले तर वस्तू काढून लगेच रुग्णालय गाठायचे असते. टॅम्पॉन वापरणाऱ्यांनी संबंधाआधी तो काढलाच पाहिजे, कारण तो आत ढकलला जातो आणि विसरला जातो.

ज्यांनी तांबी बसवून घेतली आहे त्यांच्यासाठी एक इशारा, जो पत्रकात नाही आणि मला आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी दिला. डिस्कमध्ये कपासारखा हवेचा ओढा नसतो हे चांगलेच, पण काढताना बोटात तांबीचा दोरा सापडला तर तांबी जागची हलू शकते. दोरा किती लांब ठेवला आहे हे डॉक्टरांकडून तपासून मगच डिस्क घ्यावी. संबंधानंतर दोन-चार दिवसांत ताप, ओटीपोटात सतत दुखणे किंवा वास येणारा स्राव दिसला तर वाट बघू नये, हेही त्यांनीच सांगितले.

स्वच्छतेबद्दल थोडक्यात. प्रत्येक पाळीच्या आधी आणि नंतर पाच मिनिटे उकळायची, रोज साध्या, वास नसलेल्या साबणाने धुवायची, वाळवून सुती पिशवीत ठेवायची. मी त्यासाठी एक स्टीलचे पातेले वेगळे काढून त्याच्या कडीला लाल दोरा बांधला. मागच्या महिन्यात सासूबाई राहायला आल्या होत्या. त्यांनी त्याच पातेल्यात दूध तापत ठेवले. मी ते ओतून दिले आणि कारण विचारल्यावर ‘तळाला कल्हई नाही’ असे सांगितले. स्टीलला कल्हई नसतेच, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. त्या काही बोलल्या नाहीत.

एका धोक्याबद्दल मात्र ना पत्रक बोलते, ना डॉक्टर. माझी एक धाकटी जाऊ आहे. डिस्कविषयी मी उत्साहाने सांगत असताना तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “ताई, तुमचं ठीक आहे. आमच्याकडे ते चार दिवसच माझे असतात. ‘पाळी आहे’ म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. ही वस्तू घरात आली तर तेवढंही कारण राहायचं नाही.” मला याचे उत्तर देता आले नाही. विटाळाची चटई मला जाचक वाटत होती आणि ती तशी होतीच. पण त्याच चटईवर किती बायका महिन्यातले चार दिवस निवांत झोपल्या असतील, याचा विचार मी कधी केला नव्हता. ज्या घरात ‘आज नको’ एवढे म्हणणे पुरते, त्या घरासाठी ही वस्तू आहे. जिथे नकाराला कारण द्यावे लागते तिथे ही सोय बाईची नाही, आणि तिथल्या बाईला ही भेट म्हणून देऊ नये. मी तिच्याकडे पुन्हा हा विषय काढला नाही.

तुलना करायची तर केवळ पाळीच्या सोयीसाठी कप डिस्कपेक्षा सरस आहे: काढायला सोपा, शौचाच्या वेळी न हलणारा आणि माझ्या तरी अनुभवात कमी गळणारा. केवळ पाळीतल्या संबंधासाठी जुना टॉवेल आणि निरोध हे दोन्ही मिळून शंभर रुपयांच्या आत काम भागवतात, आणि निरोध दिवस जाण्यापासून व संसर्गापासून जे संरक्षण देतो ते डिस्क देत नाही. शेवटच्या दोन दिवसांत, प्रवाह ओसरल्यावर, डिस्कची गरजही फारशी भासत नाही. तिचा उपयोग उरतो तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापुरता, आणि ज्यांना कपाची सवय आधीपासून आहे त्यांच्यापुरता. ज्यांनी आजवर फक्त पॅड वापरले आहेत त्यांनी या वस्तूपासून सुरुवात करू नये. आधी कप घ्यावा, आपल्या शरीराची ओळख करून घ्यावी, मग ठरवावे. मी ती वापरत राहणार आहे, निरोधासह.

वस्तूला चार तारे, पत्रकाला एक. बेरीज-भागाकार करून मी अडीच देत आहे. गर्भधारणेचा आणि संसर्गाचा इशारा मराठी मजकुरात ठळक छापावा आणि ‘निश्चिंत’ हा शब्द खोक्यावरून काढावा, असे मी कंपनीच्या ग्राहकसेवेला सविस्तर लिहिले होते. आठवड्याने उत्तर आले: अभिप्रायाबद्दल आभार, आणि पुढच्या डिस्कवर दहा टक्के सवलतीचे कुपन, मुदत ३० दिवस. डिस्क पाच वर्षे टिकते, असे त्याच खोक्यावर लिहिलेले आहे.